काकूंच्या नावाची आगळ

माले गावातल्या आमच्या घरमालकीण जनाकाकूंनी आयुष्यात कधी कॉम्प्युटर चालवला नाही. धूळ पुसायला फडकं फिरवलं असेल तेवढंच. तरीही एके काळी ब्राझील, पोलंड, फिलिपाइन्स अशा कुठकुठल्या देशांतून माणसं त्यांना 'प्रिय काकू' असा मायना लिहून ई-मेल पाठवत. अडचणी सांगत, सल्ला विचारत, आभार मानत आणि कधीकधी चांगल्या सणसणीत शिव्याही घालत. आभार मी त्यांना वाचून दाखवायचो. शिव्या स्वतःकडे ठेवायचो.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी माझा धंदा सांगायला हवा, आणि विलासबद्दलही सांगायला हवं.

मी मूळचा उदगीरचा. अठ्ठ्याण्णव साली मुळशी तालुक्यातल्या एका निवासी शाळेत कॉम्प्युटर सांभाळायला आलो आणि तिथूनच निवृत्त झालो. नोकरीचा इतिहास एवढाच, त्यात वाचकाने वेळ घालवावा असं काही नाही. विलास जळगावचा. तो माझ्यामागून शाळेत आला, विज्ञान शिकवायचा आणि शाळेतलं जे काही बिघडेल ते खोलून बसायचा. आम्ही दोघांनी मिळून काकूंच्या घरची रस्त्याकडची खोली भाड्याने घेतली. काकू एकट्या, भाताची थोडी खाचरं आणि एक म्हैस. जेवणाचा डबा द्यायचं ठरलं होतं, पण पहिल्याच आठवड्यात काकू म्हणाल्या, "दोन पावलांसाटी डबा कशाला भरायचा? चुलीपुडं बसा." तेव्हापासून आम्ही चुलीपुढे बसू लागलो, आणि भाडेकरू हा शब्द त्या घरातून हळूहळू गेला.

शाळेला पुण्यातल्या एका कंपनीने जुने कॉम्प्युटर दिले होते. कंपनीच्या दृष्टीने ते भंगार होतं, आमच्या दृष्टीने दिवाळी. टेलिफोनची लाइन मात्र एकच. त्या एका लाइनीवरून सगळ्या मशीनना इंटरनेट पुरवायचं आणि बाहेरच्या आगंतुकाला आत येऊ द्यायचं नाही, असं दुहेरी काम होतं. याला फायरवॉल म्हणतात. तयार पेट्या बाजारात मिळायच्या, पण त्यांची किंमत ऐकून मुख्याध्यापकांनी विषयच बदलला. तेव्हा भंगारातलाच एक कॉम्प्युटर दाराशी बसवायचा आणि पहारेकऱ्याचं काम त्याला शिकवायचं, असं आम्ही ठरवलं. शिकवण्याचा प्रयोग काकूंच्या घरी चालायचा, कारण शाळेत प्रयोग फसला तर सगळ्या वर्गाला कळतं.

एकदा काकूंनी विचारलं, "ह्ये डबडं नक्की करतं तरी काय?"

विलास म्हणाला, "काकू, दारावर बसतं. कोण आलं ते बघतं. ओळखीचं असेल तर आत घेतं, नाहीतर दार लावून घेतं."

"मंग आगळ म्हना की सरळ. यवढं इंग्रजी कशाला बोलतुया?"

झालं, नाव ठरलं. आतून दाराला घालायचा लाकडी दांडा, ती आगळ. मशीनवर नवं खातं उघडताना वापरणाऱ्याचं नाव मागतात. त्या दिवशी ते भरता भरता लाइट गेली, परत आली, परत गेली. तिसऱ्यांदा काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या, तेव्हा विलासने वैतागून 'काकू' असंच टाइप केलं. मशीन एक, खुर्ची एक, म्हणून खातंही एक. एक जण लिहायचा आणि दुसरा शेजारी बसून चुका काढायचा, कंटाळा आला की जागा बदलायची. त्या दिवसांत आम्ही लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर लेखक म्हणून काकूंचं नाव आहे.

पुढे आम्ही आगळ इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळी ठेवली. म्हणजे ज्याला हवी त्याने न्यावी, आतला कारभार उघडून बघावा, पटेल तसा बदलावा. अट एवढीच की बदललेलंही तसंच मोकळं ठेवायचं आणि ज्याने काम केलं त्याचं नाव पुसायचं नाही. याला ओपन सोर्स म्हणतात. काकूंना समजवायला मी मोठं भाषण तयार केलं होतं. दोन वाक्यं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हंजे सावडच की. आज तुमी माज्या खाचरात, उंद्या मी तुमच्या." माझं उरलेलं भाषण वाया गेलं.

आणि लोक खरंच आमच्या खाचरात आले. ज्यांना जुने कॉम्प्युटर फेकवत नाहीत अशी माणसं जगात पुष्कळ आहेत, हे आम्हाला तेव्हा कळलं. कुठल्या बेटावरचा दवाखाना, कुठलं वाचनालय, कुठला छोटासा छापखाना. एका गृहस्थाने सलग तीन पत्रांत आमची अक्कल काढली आणि चौथ्या पत्रात आमची चूक स्वतःच दुरुस्त करून पाठवली. या धंद्यात प्रेम असंच व्यक्त होतं.

जवळचं गिऱ्हाईक एकच, कोळवणचे कर्नलसाहेब. सैन्यातून निवृत्त होऊन त्यांनी तिथे फार्महाउस बांधलं होतं. घरात माणूस एक, कॉम्प्युटर एक, तरी त्यांना आगळ हवीच होती. फायरवॉलचा पहिला धडा असा की आधी सगळं बंद करायचं, मग लागेल तेवढंच उघडायचं. साहेबांनी पहिला अर्धा मनापासून पाळला. दुसऱ्या दिवशी शाळेत फोन आला, "अहो, हे मला माझ्याच घरात घेत नाही!" मी पौडला जाऊन वडापची जीप पकडली. वर टपावर बसलेल्या माणसांसह कोळवणला पोचलो, आणि त्यांच्याच घराचं दार त्यांना उघडून दिलं. ते मात्र खूश होते. म्हणाले, "पहारा उत्तम आहे. मालकालाही सोडला नाही." असं दार स्वतःवरच लावून घेणं आमच्या धंद्यात सगळ्यांच्या नशिबी एकदा तरी येतं. मी आणि विलास कसे दाराबाहेर राहिलो, त्याची गोष्ट जरा वेगळी आहे.

आगळीचा पसारा वाढला तसं काम वाढलं. रोज शाळा सुटल्यावर पत्रांना उत्तरं, चुकांची दुरुस्ती, नव्या मागण्या. विलास थकला होता. पुण्यातल्या एका कंपनीने त्याला विचारलं, आगळ घेऊन आमच्याकडे या, इथे पगारी माणसं देऊ, तयार पेट्या विकू. तो आनंदाने सांगत आला. ओटीवर काकू भात पाखडत होत्या, आणि त्यांच्यासमोर आम्ही भांडलो.

"उद्या कंपनी म्हणेल, आतलं कुणाला दाखवायचं नाही. मग?" मी म्हणालो.

"आणि आज काय चाललंय? दोन माणसं, एक मशीन. आपण दमलो की संपलं सगळं. तुला ते कुजवायचंय."

"आणि तुला विकायचंय."

हे दोन शब्द एकदा बोलून झाले की परत घेता येत नाहीत. मला तो विकणारा वाटला, त्याला मी कुजवणारा. दोघांनाही तेव्हा आपलंच खरं वाटत होतं, आणि आजही मला दोघांचंही थोडं थोडं खरं वाटतं. आमच्या धंद्यात वाटणीला कोर्टकचेरी लागत नाही. सगळं मोकळंच असल्याने जो तो आपली प्रत घेऊन वेगळा होतो. नाव मात्र एकाकडेच राहतं, ते माझ्याकडे राहिलं. विलासने आपल्या प्रकल्पाला 'अडसर' म्हटलं. अडसर म्हणजेही दाराचा दांडाच. मला तेव्हा तो खोडसाळपणा वाटला. आता वाटतं, त्याला दुसरं काही सुचलंच नसेल. 'काकू' या खात्याला मात्र आम्ही दोघांनीही पुन्हा हात लावला नाही. न ठरवता.

तो पुण्याला गेला. जाताना त्याची गोधडी न्यायची राहिली, की त्याने मुद्दाम ठेवली, देव जाणे. काकू दर पावसाळा संपला की ती उन्हात घालायच्या आणि माझ्याकडे न बघता विचारायच्या, "त्यो कवा येनार हाय?"

"कामात आहे."

"व्हय, तू बी कामातच हायेस."

बोलणं बंद होतं, पण एक गोष्ट चालू होती, आणि ती बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मुळात दोन्ही प्रकल्पांचा पाया एकच. त्याने अडसरमध्ये काही चांगली दुरुस्ती केली की मी ती उचलून आगळीत घ्यायचो आणि वर त्याचं नाव लिहायचो. तोही माझं असंच न्यायचा. रिवाजच तसा आहे. त्यामुळे फोन नाही, पत्र नाही, दिवाळीचा फराळ नाही, पण त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ मी वाचत होतो. ओळींवरून मला कळायचं तो कधी घाईत आहे, कधी खुशीत आहे. एकदा बरेच दिवस त्याचं लिखाण गबाळं यायला लागलं, तेव्हा मी काळजीत पडलो. नंतर कुणाकडून तरी कळलं की त्याचे वडील गेले होते. मला त्याची फार आठवण यायची. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं.

मग पौडच्या पुढे ब्रॉडबँड आलं. कर्नलसाहेबांनी अर्थातच पहिल्याच फटक्यात घेतलं. एक दिवस ते जीप घेऊन थेट शाळेत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "एक शंका आहे. लाइट जाऊन परत आली की टेलिफोनवाल्यांच्या पेटीचा हिरवा दिवा लगेच लागतो. तुमच्या आगळीची शिट्टी त्यानंतर खूप वेळाने वाजते. शिट्टी म्हणजे पहारेकरी जागेवर आला, असं तुम्हीच सांगितलं होतं. मग मधल्या वेळात फाटकावर कोण असतं?"

मधल्या वेळात फाटकावर कुणीही नसतं.

हे कसं घडलं ते सांगतो, कारण अशी चूक माल्यातच होऊ शकते. आमच्या इथे लाइट सारखी जायची. परत आली की टेलिफोनची लाइन लागायला युग लोटायचं. तेवढा वेळ वाया जाऊ नये म्हणून आम्ही मशीनला शिकवलं होतं की उठल्यावर आधी फोन लावायला घे, आणि लाइन लागेपर्यंत आपले पहाऱ्याचे नियम वाचून काढ. लाइन इतकी मठ्ठ होती की ती लागायच्या आत नियम केव्हाच वाचून व्हायचे. म्हणजे माल्याची लाइन रद्दी होती म्हणून आमची आगळ सुरक्षित होती. ब्रॉडबँड डोळ्याचं पातं लवायच्या आत लागतं. तिथे दार आधी उघडायचं आणि पहारेकरी मागून डोळे चोळत यायचा. मशीन जितकं जुनं तितका तो उशिरा यायचा, आणि आमची सगळी गिऱ्हाइकं जुनी मशीनंच वापरणारी! तेवढ्या वेळात बाहेरचा कुणीही थेट आगळीच्या कारभारापर्यंत पोचू शकत होता. लबाडाला हे कळलं असतं तर त्या बेटावरच्या दवाखान्याचं काय झालं असतं?

चूक पायातली होती, म्हणजे अडसरमध्येही असणार. आणि आमच्या धंद्याचा सगळ्यात जुना रिवाज असा की भोक सापडलं तर आधी बोंब मारायची नाही. तोच पाया वापरणाऱ्यांना गुपचूप कळवायचं, सगळ्यांनी मिळून बुजवायचं, आणि मग एकाच दिवशी जाहीर करायचं. म्हणजे विलासला कळवणं भाग होतं. मी अर्धा दिवस मशीनपुढे बसलो आणि एक ओळ लिहू शकलो नाही. त्याने उत्तर दिलं नाही तर? किंवा कंपनीतल्या कुणा दुसऱ्याने रुक्ष पोच दिली तर? इतकी वर्षं निदान दार ढकलून बघितलं नव्हतं. ढकलल्यावर ते लागलेलंच निघालं असतं, तर मला सोसलं नसतं.

काकूंनी विचारलं, "जेवत का न्हाईस?" मी जमेल तसं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "धाकल्या जावंशी मी किती वरसं बोलत न्हाई, ठावं हाय ना? पर पावसात त्येंचा बांध फुटताना दिसला तर मी हाक मारते. तिनं बी मारलिया."

"मग बोलायला लागलात?"

"न्हाई. हाक मारायची. बोलायचं न्हाई."

हे मला झेपण्यासारखं होतं. मी विलासला सरकारी पत्रासारखं कोरडं पत्र लिहिलं. नमस्कार, जुन्या भागात अमुक दोष आढळला आहे, आपल्याकडेही असावा, कळावे. खाली पूर्ण नाव, आडनावासकट.

दुपारपर्यंत उत्तर आलं. "माझ्या मशीनवर दिसत नाही. इथली मशीन फार वेगवान आहेत. आपली पहिली पेटी अजून आहे का?"

मी लिहिलं, "आहे."

"उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटी थांब्यावर जाणार नव्हतो, आणि गेलो. पाऊस मी म्हणत होता. विलास उतरला. केस पांढरे झाले होते आणि पोट सुटलं होतं. तो माझ्याकडे बघून तसलंच काहीतरी मनात म्हणाला असणार. दोघं घरापर्यंत पावसाबद्दल बोललो. काकू दारातच होत्या. त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "पाय धू. चिकल घिऊन आत यिऊ नगं." जणू तो सकाळी शाळेत जाऊन परत आला होता.

पहिली पेटी, म्हणजे ते भंगारातलं मशीन, कोपऱ्यात चालूच होती, आणि ब्रॉडबँड आता आमच्याकडेही नुकतंच आलं होतं. चूक पकडायची तर लाइट जायला हवी. आणि इतकी वर्षं बोलावल्याशिवाय जाणारी लाइट त्या दिवशी काही केल्या जाईना! शेवटी काकू म्हणाल्या, "म्येन सुईच मी धरते. तुमी सांगा." ओटीवर मीटरखाली पाट मांडून त्या बसल्या. आम्ही आतून ओरडायचो, "काकू, बंद!" त्या खटकन दांडी पाडायच्या. "काकू, चालू!" की वर. मग हिरवा दिवा कधी लागतो आणि शिट्टी कधी वाजते ते बघायचं, दोन ओळी बदलायच्या आणि परत हाक.

"जल्मभर लाइट ग्येली म्हनून शिव्या दिल्या," काकू बाहेरून म्हणाल्या, "आन् आज मीच घालवते. कलियुग!"

दुरुस्ती सांगायला सोपी होती. उठल्या उठल्या आधी आगळ घालायची, दार गच्च लावायचं, आणि मग नियम वाचत बसायचं. करायला ती किचकट निघाली. बोलताना आमचं तुम्ही-आम्ही कधी गळून पडलं ते कळलं नाही. एकाने लिहायचं, दुसऱ्याने चुका काढायच्या, जागा बदलायची. मध्येच विलासने मूळची चुकीची ओळ पडद्यावर काढली आणि म्हणाला, "ही कुणी लिहिली रे? तू की मी?"

"वर नाव बघ ना."

वर नाव होतं 'काकू'.

तो हसायला लागला, मग मीही. इतका वेळ हसलो की काकू पाट सोडून आत बघायला आल्या. "काय झालं?" विलासने डोळे पुसत सांगितलं, "चूक तुमची आहे, काकू." "मंग मीच निस्तरते," म्हणून त्या परत स्विचपाशी जाऊन बसल्या.

दुरुस्ती जमली, तेव्हा दिवा आणि शिट्टीचा क्रम उलटला होता. आधी शिट्टी, मग दिवा. कर्नलसाहेबांना फोन केला. शोधणाऱ्याचं नाव जाहीर करायची पद्धत असते. ते म्हणाले, "नाव नको. एक निवृत्त पहारेकरी, एवढंच लिहा." मग दुरुस्त करणाऱ्याचं नाव लिहायची वेळ आली. आगळीच्या बाजूने माझं लिहायचं की अडसरच्या बाजूने त्याचं? मग विलासने हात पुढे केला आणि जुन्या खात्याचा परवलीचा शब्द टाइप केला. तो त्याला अजून पाठ होता, आणि मलाही. आगळ आणि अडसर या दोन्हींची दुरुस्ती एकाच वेळी बाहेर पडली, दोन्हींवर एकच नाव घेऊन.

पुढचं सांगून टाकतो. प्रकल्प आमचे वेगळेच राहिले. दोन हजार दहाच्या सुमारास मोठमोठ्या प्रकल्पांपुढे दोन्ही मागे पडले, आणि आम्ही रीतसर निरोप देऊन ते बंद केले. मला त्याचं वाईट वाटतं. वाया गेलेल्या वर्षांचं त्याहून जास्त वाटतं. दोन माणसं एका खुर्चीवर जे करू शकली असती ते आम्ही दोन गावांत बसून अर्धंअर्धं केलं.

पण मला सांगायची आहे ती दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आदल्या संध्याकाळची एसटी पावसामुळे ताम्हिणीकडून आलीच नाही, त्यामुळे विलास राहिला होता. काकू भाकऱ्या थापत होत्या, आम्ही चुलीपुढे बसलो होतो आणि मी आलेली पत्रं त्यांना मराठीत करून वाचून दाखवत होतो. आभार, आभार, एक शिवी, ती गाळली, परत आभार. मग त्या बेटावरच्या दवाखान्यातल्या बाईंचं पत्र निघालं. पहिल्या वर्षापासून त्यांच्याकडे आगळ होती. त्यांनी लिहिलं होतं, "प्रिय काकू, कित्येक वर्षांत तुमचं नाव कुठे दिसलं नव्हतं. आम्हाला वाटलं तुम्ही सोडून गेलात. परत आलात, फार बरं वाटलं."

विलास खाली मान घालून भाकरीचा पापुद्रा सोलत होता.

काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली. "मी कुटं ग्येलते?" त्या म्हणाल्या. "मी हितंच हुते की. तुमी दोगं ग्येलता."